साडूंच्या सर्व्हरमधली जागा

आमच्या साडूंकडे ठेवायला दिलेली गोष्ट हरवली, असं म्हणणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत अजून जन्माला यायचाय. आणि आलाच, तर साडू त्याला बारशालाच गाठून त्याचा गैरसमज दूर करतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला येळ्ळूरला, नोकरी उद्यमबागेतल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत. तिथल्या ड्रॉइंगच्या संगणकांची देखभाल ही त्यांची भाकरी, आणि घरच्या सर्व्हरची देखभाल हा त्यांचा धर्म. मी निपाणीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात, मी त्यांना 'अण्णा' म्हणतो, आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्या घरी जेवायला गेलो की हात धुवायच्या आधी मला सर्व्हरचं दर्शन घ्यावं लागतं.

हा सर्व्हर फौंड्रीनं भंगारात काढलेला. भंगारवाल्याच्या आधी साडू पोचले आणि तो लोखंडी खोका पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलला पाठीमागे नाड्यांनी आवळून घरी घेऊन आले. त्या वेळी मेहुणीबाई, म्हणजे आमच्या आक्का, बरेच दिवस वॉशिंग मशीनसाठी मागे लागल्या होत्या. दारात गाडी थांबली, मागे खोका दिसला, तशा त्या आनंदानं भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन धावल्या, खोक्यावरून ओवाळून तुकडा टाकला, आणि मग विचारलं, "ह्यात कपडे कुठनं घालायचं?" साडू म्हणाले, "कपडे न्हाई घालायचं. सगळ्या गावाचं फोटो घालायचं." आक्का त्यानंतर दोन दिवस बोलल्या नाहीत. पण ओवाळून घेतलेलं परत कसं पाठवायचं, म्हणून खोका घरात राहिला. ऐन वैशाखात त्या घरी गेलात तर एकच टेबलफॅन दिसेल आणि त्याचं तोंड सर्व्हरकडे असेल. पाहुणे घाम पुसत बसतात. एकदा मी नुसता फॅन जरा इकडे वळवला, तर साडू माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी तान्ह्या पोराच्या अंगावरचं पांघरूण ओढलं होतं.

ह्या सर्व्हरात नेमकं असतं काय, हे मी एका बारशाच्या पंगतीत चुकून विचारलं. साडूंनी समोरचा भात बाजूला सारला. "पाव्हणं, ही सगळी पत्रावळ म्हंजे पूल." पूल म्हणजे वेदगंगेवरचा नव्हे, हे मला तोवर समजलं होतं. "पानं टोचून एकाला एक लावली की पत्रावळ हुती, तशा डिस्का एकमेकीला लावल्या की पूल हुतो. आता त्यात हा भात, ही भाजी, ही चटणी. हे झालं डेटासेट. मधी भिंत हाय का? न्हाय. ज्याला जागा लागंल त्यानं घ्यावी. पण भातानं भाजीत जायाचं न्हाय." तेवढ्यात आमटीचा वाढपी आला. साडू हात आडवा धरून त्याला म्हणाले, "थांब रं, जागा बघतो." ते जागा बघत राहिले आणि तो वाढपी पंगतीच्या टोकाला जाऊन परतलाच नाही. मला त्या दिवशी पूल समजला, पण कोरडा भात खावा लागला.

गल्लीतल्या प्रत्येक घराचा त्या पुलात एकेक डेटासेट आहे. कुणाची लग्नं, कुणाचे शेताचे उतारे, भजनी मंडळाची भजनं, मैदानातल्या कुस्त्या. कुणी किती जागा घ्यायची ह्याचा कोटा ठरलेला, आणि तो ओलांडणाऱ्याच्या घरी साडू स्वतः जाऊन सांगतात की एकाच कापलेल्या केकचे चाळीस फोटो ठेवायला हे काही देवस्थान नव्हे. सगळी नावं देवनागरीत. पडद्यावर ती अक्षरं कधीकधी उमटत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. कुणीतरी सुचवलं, अण्णा, इंग्रजीत घाला की. साडू उसळले, "एवढी वर्सं मराठी पाटीसाठी बोंबललो आनि आता घरच्याच मशीनला भिऊ व्हय?" हल्ली ते चौकोन मोजून ओळखतात की हे पाटलांचं घर आणि हे लोहारांचं.

एका डिस्कवर ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही, हा त्यांचा पहिला नियम. सगळं दोन डिस्कांवर, आणि त्या दोन डिस्का दोन वेगळ्या दुकानांतल्या, कारण फौंड्रीतल्या अनुभवानं त्यांना ठाऊक आहे की एका ओतातले जिन्नस एकदमच तडकतात. ही सवय अंगात एवढी भिनली की खिशात दोन पेन, दोन चष्मे, घराच्या किल्ल्या दोन्ही खिशांत, आणि पावसाळ्यात दोन छत्र्या. "बायकू तेवढी एकच केली, उपकार म्हणायचं," असं आक्का म्हणतात.

दुसरा नियम वस्तूच्या जागेचा. वस्तू घरात असून उपयोग नाही, ती ठरल्या जागी हाताला लागली पाहिजे. ती जी हाताला लागायची जागा, तिला ते माउंट पॉइंट म्हणतात. डिस्कवर माल भरपूर असतो, पण तो फोल्डराच्या दारात आणून बसवला नाही तर बाहेरच्याला काही दिसत नाही, असं ते समजावतात. हे त्यांनी एकदा स्वयंपाकघराला लावलं. डब्याडब्यावर चिठ्ठ्या आल्या: घर, तिरकी रेघ, स्वयंपाक, तिरकी रेघ, डाळी, तिरकी रेघ, तूर. आक्कांनी निमूटपणे तूरडाळ पोह्यांच्या डब्यात ओतली आणि पोहे कुठे ठेवले ते आजतागायत सांगितलं नाही.

शिवाय स्नॅपशॉट. एखाद्या क्षणी जे जसं आहे तसं टिपून ठेवायचं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर मागे जाता येतं. एका दिवाळीत आक्कांनी सोप्यातलं सामान हलवून खोली नव्यासारखी केली. साडूंनी आवराआवरीआधी खोलीचा फोटो काढून ठेवला होता. त्या शेजारी गेल्या तेवढ्यात ह्यांनी फोटो बघून एकेक वस्तू होती तिथे आणून ठेवली, गेल्या वर्षीचं कॅलेंडरसुद्धा खिळ्याला टांगलं, आणि फोटोत टेबलावर चिवड्याची बशी होती म्हणून डब्यातून चिवडा काढून बशीही मांडली. ह्या प्रकरणात मी मात्र आक्कांच्या बाजूचा आहे.

आणि अमावास्या! आमच्या भागात अमावास्येला गाड्या धुतात, यंत्रांना लिंबू बांधतात, नारळ फोडतात. साडू त्या दिवशी मोटरसायकल धुतात, आणि सर्व्हरला घासणी घालतात. घासणी म्हणजे पाणी नव्हे. मशीन आपल्या डिस्कांवरचा कण अन् कण वाचून काही नासलंय का ते तपासतं आणि नासलं असेल तर दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करतं. त्याआधी खोक्याला हळदकुंकू, उदबत्ती, आणि उंबऱ्यावर नारळ. मी एकदा म्हटलं, "अण्णा, शास्त्र आणि नारळ एकत्र कसं?" ते म्हणाले, "घासणी सर्व्हरसाठी, नारळ माझ्यासाठी."

आता ज्या घटनेमुळे मी हे लिहायला बसलो ती सांगतो. माझी मुलगी अश्विनी शेतकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रबंध करत होती. विषय होता जुन्या भाताच्या जाती. येळ्ळूर आणि खानापूरच्या शिवारांत जाऊन तिनं म्हाताऱ्या शेतकऱ्यांची रेकॉर्डिंगं केली होती. उभ्या पिकात बियाण्याची लोंबी कशी निवडायची, हे ती माणसं हातानं दाखवत होती. मोठमोठे व्हिडिओ, कॅमेऱ्याची कार्डं भरलेली. साडूंनी आदल्या दिवशी मोठ्या हौसेनं तिच्या नावाचा नवा डेटासेट काढला आणि निरोप धाडला, "माझ्याकडं आणून टाक. कार्डं परत कोरी करून पुढच्या कामाला लाव." ती गेली ती नेमकी अमावास्येला. साडू अंगणात गाडी धूत होते. त्यांनी कसं करायचं ते बाहेरूनच सांगितलं, तिनं आपल्या नावाचं फोल्डर उघडलं, सगळं त्यात उतरवलं, एक-दोन व्हिडिओ लावून पाहिले, आणि त्याच संध्याकाळी कार्डं पुसून कॉलेजात दिली. आठवड्यानं तिनं निपाणीहून फोल्डर उघडलं तर आत काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बापलेक येळ्ळूरला गेलो. वाटेवरची शिवारं कापून मोकळी झाली होती, त्यामुळे पुन्हा चित्रण करायचं तर एक वर्ष थांबायचं, आणि प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलेली. मला साडूंचा असा राग आला होता की आयुष्यातली सगळी दर्शनं आठवून आठवून मी दात खात होतो.

साडू बनियनवर सर्व्हरसमोर बसले होते. आमचा फोन आल्यापासून तिथेच होते, असं आक्कांनी सांगितलं. "सापडल्याशिवाय च्या घेणार न्हाय म्हणतायत," त्या हळूच म्हणाल्या. मग मला खरी काळजी वाटली, कारण हा मनुष्य चहावाचून देवाचं नावसुद्धा घेत नाही. त्यांनी सगळे डेटासेट धुंडाळले होते. स्नॅपशॉट पाहिले होते. अश्विनीच्या नावाचे सगळे रिकामे. बोटं चालतच होती.

शेवटी मीच विरघळलो. म्हटलं, "अण्णा, राहू द्या आता. माणसाकडून होतं."

"माणसाकडनं हुतंय म्हणूनच तर हे ठिवलंय घरात!" ते माझ्यावरच खेकसले. "पोरीनं माझ्या हवाली केलंय. तिनं इथं बसून व्हिडिओ लावून बघितलाय. म्हंजे आलतं. आलतं तर गेलं कुठं? पाय फुटलं व्हय त्याला?"

मग त्यांची नजर एका ओळीवर अडली. मशीन ज्या लहानशा डिस्कवरून सुरू होतं ती पुलाच्या बाहेरची, वेगळी असते. तिच्यात एरवी मशीन चालवण्यापुरता माल. ती आता गळ्यापर्यंत भरली होती, आणि आतल्या सगळ्या वस्तूंची बेरीज केली तर निम्मीसुद्धा होत नव्हती. साडू पडद्याला नाक लावून म्हणाले, "जेवल्याचं दिसत न्हाय, आनि प्वाट तर टम्म फुगलंय. अगं, अवसेला मी काय काय केलतो सांग बघू."

आक्का दारातून म्हणाल्या, "काय करणार? नारळ फोडलासा, पाणी उडालं त्या डिस्कांच्या डब्यावर, तर तो डबा काढून माझ्या पदरानं पुसलासा आनि उन्हात ठिवलासा. खोका मातर तसाच चालू. डबा परत लावलासा तो सांच्याला."

साडूंनी कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की शेजारचं कुत्रं भुंकलं. झालं होतं ते असं. डिस्कांचा डबा उन्हात वाळत होता तेव्हा पूल जागेवर नव्हताच. अश्विनीच्या नावाचं फोल्डर होतं, पण ती नुसती मोकळी जागा होती, तिच्यावर डेटासेट बसलेला नव्हता. नवाकोरा म्हणून एरवीही रिकामाच असायचा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पोरीनं उतरवलेलं सगळं गेलं त्या लहान डिस्कवर. संध्याकाळी साडूंनी डबा लावला, पूल आला, आणि तिचा रिकामा डेटासेट त्याच जागेवर येऊन बसला.

"चटई हांतरली की खालची फरशी दिसत न्हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "फरशी कुठं जातीया? तिथंच असती." त्यांनी एक ओळ टाइप करून तिचा डेटासेट तिथून उतरवला आणि फोल्डर पुन्हा उघडलं. होतं. सगळं होतं. भाताची खाचरं, म्हातारी माणसं, हातात धरलेल्या लोंब्या. अश्विनीला रडू फुटलं. आक्कांनी तिला जवळ घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या आता च्या."

पण साडूंनी चहा बाजूला ठेवला. ती लहान डिस्क जुनी, त्यात गच्च भरलेली. दोन व्हिडिओ लावून बघितले तर दुसरा मध्येच अडखळला. वाचताना चुका होतायत असा इशारा पडद्यावर यायला लागला. आता हे लगेच पुलात हलवायला हवं होतं, आणि पुलात जागा नाही असं मशीन सांगत होतं. मी म्हटलं, बाजारातून एखादी डिस्क आणतो, तीत भरू. "एकट्या डिस्कवर? आनि तुमी आणूपतोर हिनं मान टाकली तर?" साडूंनी मान हलवली. मग कुणाचं तरी जुनं काढून टाकू, असं मी सुचवलं. गल्लीतले ते केकचे चाळीस फोटो तरी. ते म्हणाले, "लोकांनी इस्वासानं ठिवलंय. केक असला तरी त्यांचा हाय."

तेवढ्यात अश्विनीचं लक्ष यादीकडे गेलं. "काका, पण ह्या एका नावात काहीच नाहीये. आणि जागा मात्र ह्यानंच सगळ्यात जास्त अडवलीय."

ते नाव बाळूचं होतं. बाळू साडूंचा एकुलता मुलगा. शिकून कॅनडात गेला, तिकडेच लग्न केलं, तिकडेच मूल झालं. त्याचे फोटो कसल्याशा कंपनीच्या साठ्यात असतात आणि आजीआजोबांना फोनवर तेवढे बघायला मिळतात. साडूंनी त्याला अनेकदा सांगितलं, मी तुझी सोय करून ठेवलीय, पाठव. तो 'हो बाबा' म्हणायचा. पुलात अशी व्यवस्था असते की एखाद्याच्या नावानं जागा धरून ठेवता येते. तो वापरो न वापरो, दुसऱ्या कुणाला ती मिळत नाही. साडूंनी नातू जन्मला त्या दिवशी ती धरली होती. हे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा आक्कांनाही नव्हतं.

"ती नको, काका," अश्विनी घाईनं म्हणाली. "दुसरं काहीतरी बघू."

इतका वेळ न थांबलेली साडूंची बोटं थांबली होती. माझा सकाळचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. आक्का आत आल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सोडा की. पोरगं फोन करतंय आईतवारी, त्याला काय सर्व्हर लागत न्हाय. ही पोरगी समोर बसल्या."

"व्हय," साडू म्हणाले. चष्मा पुसला, बाळूचं नाव एकेक अक्षर बघत टाइप केलं, आणि धरलेली जागा सोडून दिली. डेटासेट मात्र पुसला नाही. "नाव ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

मग दुपारभर आम्ही चौघं तो माल खालून वर जाताना बघत बसलो. डिस्क अडखळायची, साडू तिला आंजारायचे, दटावायचे, पुन्हा पुन्हा तोच व्हिडिओ वाचायला लावायचे. सगळे आले तेव्हा कुठे त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. अश्विनीचा प्रबंध वेळेत गेला. आता ती धारवाडला नोकरीला आहे आणि अजूनही काही महत्त्वाचं असलं की आधी काकांना फोन करते.

परवा मी येळ्ळूरला गेलो, तेव्हा नेहमीप्रमाणे दर्शनाला नेलं. डब्यात दोन नव्या डिस्का दिसल्या. पडद्यावर यादी उघडी होती. गल्लीतली घरं, भजनी मंडळ, कुस्त्या, अश्विनी, आणि शेवटी बाळू. त्याच्या वापराच्या रकान्यात शून्य होतं, पण धरून ठेवलेली जागा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. मी साडूंकडे पाहिलं. ते उगीचच फॅनचं तोंड सारखं करत होते.

"नातू आता चालाया लागलाय, पाव्हणं," ते म्हणाले. "फोटू जास्ती येणार."